मुठ्याचा पुठ्ठा

वांगी गाडीखालून गडगडत उजव्या बाजूला आली, तेव्हा कुठे मला कळलं की डावीकडे कोणीतरी उभं होतं. रविवारची सकाळची फेरी, सुलतानपूरचा थांबा. मी गिअर टाकला, गाडी हातभर पुढे घेतली आणि लोकांनी एकदम कालवा केला. ब्रेक मारून खाली उतरलो, तर दाराच्या मागच्या अंगाला जनकाबाई मातीत बसलेली. दर रविवारी मेहकरच्या बाजाराला माळवं नेणारी बाई. टोपली आडवी, वांगी चहूकडे. तिला खरचटलंही नव्हतं, पत्रा टोपलीला घासला एवढंच. पण मी ड्रायव्हर माणूस, त्यातून मी कडूबा, माझा आवाज माझ्या आधी पोचतो. "ओ बाई, दिसत नाही काय तुले? एवढी मोठी गाडी उभी हाय!" तशी ती वांगी वेचता वेचता म्हणाली, "चुकलं बाप्पा माह्यं. ध्यान नव्हतं." गाडीतले लोकही तिलाच बोलले. दोघातिघांनी वांगी गोळा करून दिली, ती मागच्या सीटवर जाऊन टोपली मांडीत घेऊन बसली. मेहकर येईपर्यंत तिचं ते 'चुकलं' माझ्या मानेवर बसून होतं. मला राग आला. तिचाच राग आला, खोटं कशाला बोलू?

मी भित्रा माणूस नाही हे आधीच सांगून ठेवतो. अकरा वर्षं पलटणीत काढली, त्यातली सात बॉक्सिंगमध्ये, आणि तिथून सुटलो तो थेट स्टिअरिंगवर. मेहकरहून खामगावमार्गे जळगाव जामोदपर्यंतचा रस्ता मला पाठ आहे, कुठल्या मोरीवर गाडी उडते आणि कुठल्या वळणावर म्हशी बसतात ते धरून. आठ वर्षांत गाडीला ओरखडा नाही. पण डावा डोळा दोन वर्षांपासून दगा देत होता. आधी कडेला धूर दिसायचा. मग त्या धुराचा पडदा झाला आणि तो पडदा हळूहळू आत सरकत आला. आता उजवा डोळा झाकला तर डाव्याला खिडकीतला उजेड तेवढा कळायचा, बाकी काही नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कशाला? वर्षातून एकदा बाहेरगावचा डॉक्टर डेपोत यायचा, भिंतीला अक्षरांचा तक्ता टांगायचा. तक्ता दर वर्षी तोच. उजव्या डोळ्यानं वरून खाली वाचायचं, डाव्यानं खालून वर. मी तो दोन्हीकडून पाठ केला होता, गाडी धुताना पाढ्यासारखा मोठ्यानं म्हणायचो. चाळिशी उलटलेल्या बाकीच्या ड्रायव्हरांनाही मीच तो शिकवला. 'कडूबाचा पाढा' म्हणायचे त्याला, आणि मला त्याचा अभिमान होता, शप्पथ! उद्या सोमवारी तपासणी होती, अन् मला तिची रत्तीभर काळजी नव्हती.

दुपारी जेवण करून शाळेत गेलो. आमच्या हायस्कुलात नारायणराव म्हणून ड्रॉइंग मास्तर होते. रविवारी ते ड्रॉइंगची खोली उघडून बसायचे. मोठ्या टेबलावर मांजरपाटाची चादर, तिच्यावर त्यांनी अख्खा मुलूख रंगवलेला: खाली पैनगंगा, वर सातपुडा, मधे कुठेही नसलेली गावं, भुयारं, एक पडका किल्ला. हा खेळ त्यांनी स्वतःच काढला होता. आपण एकेक सोंग घ्यायचं. प्रत्येक सोंगाचा एक पुठ्ठा, त्यावर दम, हात, पाय आणि नजर अशा चार गोष्टींचे आकडे. मास्तर सांगत जायचे, "नाल्याला पूर आला. पलीकडं दरोडेखोर दबा धरून बसले. आता काय करता?" आपल्या सोंगाला शोभेल ते आपण बोलायचं, सहा कवड्या फेकायच्या, आणि किती उताण्या पडल्या आणि पुठ्ठ्यावर काय आहे ते बघून मास्तर पुढची हकिकत सांगायचे. तीन-तीन तास कसे जायचे कळायचं नाही. घरच्या बायका म्हणायच्या, एवढे घोडे झाले अन् भातुकली खेळतात. म्हणू देत. दवाखान्यातले वामनराव कंपाउंडर वैद्याचं सोंग घ्यायचे, माळव्याची आडत चालवणारा उकंडराव तांड्याच्या नाईकाचं. मी आजवर उसनंच सोंग घेत होतो, कधी पारध्याचं, कधी पहारेकऱ्याचं. एक नियम मात्र मास्तर फार कडक पाळायचे. ज्यानं जे आयुष्य काढलं त्याचा पुठ्ठा त्यानंच लिहायचा. चुकला असेल तर दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, लिहिणाऱ्यानंच खोडायचं. त्यांनी स्वतः वीस वर्षं शाळेत घालवली आणि लिहिला तो एकच पुठ्ठा, पंतोजीचा. तो कोणी घेत नसे.

त्या दिवशी मास्तरांनी माझ्यासमोर कोरा पुठ्ठा सरकवला, पेन्सिलीला टोक करून दिलं. "कडूबा, आता तुमचं सोंग येऊ द्या. ठोसे मारणाऱ्याले काय म्हणायचं?" उकंडराव म्हणाला, "मुठ्या!" आणि तेच ठरलं. मी बाह्या सारल्या. असलं काम मला आवडतं. दम लिहिला बारा, सगळ्यांत जास्त. हात बारा. पाय दहा, कारण लोकांना वाटतं बॉक्सर हातानं लढतो, पण तो लढतो पायानं, हे मी त्यांना टेबलाभोवती नाचून दाखवलं, टेबलावरचा शाईचा बुधला पडता पडता राहिला. मग नियम लिहिला: एक ठोसा बसला की एक दम जातो, आणि मुठ्या एक डाव खाली बसला की सगळा दम भरून येतो. हे खरं आहे. कोपऱ्यातल्या स्टुलावर मिनिटभर बसलं, तोंडावर पाण्याचा हबका बसला की माणूस नवा होतो. "अन् नजर?" मास्तरांनी विचारलं. "बारा," मी म्हणालो. "ठोसा येऊन राह्यला तो दिसला नाही त बॉक्सर कसला?" आणि लिहून टाकलं. लिहिताना हात जरा थबकला. तेवढा मी सगळ्यांसमोर थबकत नाही, म्हणून लक्षात आहे.

मग पुठ्ठा ठोकून बघायचा. उकंडरावानं मुठ्या घेतला आणि सुटला की हो! दरोडेखोर लोळवले. अस्वल लोळवलं. किल्ल्याच्या दरवाज्यावर सात पहारेकरी, सातही लोळवले, मधे एकदा खाली बसून पुन्हा दम भरून घेतला. पहिला अर्धा तास तो ओरडत होता, "वा बे मुठ्या! वा रे माह्या वाघा!" मीही छाती काढून बसलो होतो. मग त्याचं ओरडणं कमी झालं. वामनराव कवड्या न फेकताच बसून होते. त्यांच्या वैद्याला कामच राहिलं नव्हतं. शेवटी उकंडरावानं पुठ्ठा टेबलावर टाकला. "याच्यात मजा नाही बे, कडूबा. मी मरूनच नाही राह्यलो. मार खातो अन् बसतो, मार खातो अन् बसतो. याले काही होतच नाही." मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "कुठंतरी काही राहून गेलं तुमच्या हातून. मार खाऊन जे जाते ते सगळंच्या सगळं वापस येते काय?" मला एकदम तिडीक आली. "तुम्ही खाल्ला काय कधी मार? मी खाल्ला हाय, मास्तर. मले सांगू नोका." मास्तर शांतपणे म्हणाले, "म्हणून तर तुम्हाले विचारून राह्यलो." वामनराव माझ्याकडे, म्हणजे माझ्या तोंडाच्या डाव्या बाजूकडे पाहत होते, किंवा मला तसं वाटलं. त्या बाजूचं नक्की सांगता यायचं नाही.

खिडकीबाहेर शाळेचं पटांगण रिकामं पडलेलं, झेंड्याचा खांब, पाण्याच्या टाकीवर दोन कावळे. मी पेन्सिल धरून बसलो. दम परत येतो, खरं आहे. हातांचं दुखणं चार दिवसांत जातं. फुटलेली भुवई शिवता येते, माझी तीनदा शिवली आहे. मग काय जातं? आठवता आठवता मी त्या फायनलला जाऊन पोचलो. पलटणीची फायनल, समोर एक पंजाबी, उंच, गोरा, नाव आठवत नाही पण त्याचा उजवा हात आठवतो. तो हात लांबून निघायचा आणि पहिल्या फेरीत मी त्याला हसत हसत चुकवला. दुसऱ्या फेरीत चार वेळा लागला, चारी वेळा एकाच जागी, डाव्या डोळ्याच्या खाली. डोक्यात पितळेची परात पडावी तसा आवाज. घंटा झाली, मी माझ्याच पायानं कोपऱ्यात आलो, ते मला नंतर लोकांनी सांगितलं. उस्ताद, आमचे सुभेदार, माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांची पद्धत होती: माझा उजवा डोळा तळहातानं झाकून डाव्यासमोर बोटं धरायची. "कितनी?" मला त्यांचा हात दिसत नव्हता. दिसत होतं ते दुधाचं पाणी केल्यासारखं काहीतरी, मधे सावल्या. पण उस्ताद नेहमी तीनच बोटं दाखवायचे. सात वर्षांत दोन नाही, चार नाही. मी म्हणालो, "तीन." ते म्हणाले, "शाबास," आणि मला उठवलं. तिसऱ्या फेरीत मी त्या पंजाब्याला आडवा केला. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुंदर तीन मिनिटं, अजून वाटतं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. माझ्या डाव्या बाजूनं कोण घोषणा देत होतं ते दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, आणि मला वाटलं, एवढ्या आनंदात असंच होत असेल. दोन दिवसांनी सगळं पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं. म्हणजे स्वच्छच म्हणायचं. सुईत दोरा ओवताना तेवढा हात चुकायचा, मग मी कोणाला तरी ओवून मागायचो. किती वर्षं मी दोरा दुसऱ्याकडून ओवून घेतोय, असा हिशेब कधी केलाच नव्हता. त्या दिवशी ड्रॉइंगच्या खोलीत बसून केला. मी उस्तादांनाच दोष द्यायला निघालो होतो, पण त्यांनी तर विचारलं होतं. उत्तर मी पाठ म्हणून दाखवलं.

मी बारावर काट मारली नाही. खाली नवी ओळ लिहिली: 'डोक्याला दर चार ठोशांमागे एक नजर जाते. ती बसून भरत नाही. वैद्यानंही भरत नाही.' वामनरावांनी ओळ वाचली आणि मान डोलावली. मास्तर म्हणाले, "आता झाला हा माणूस. चला, पुन्हा." उकंडरावाचे डोळे चमकले. खेळाला आता धार आली होती. दरोडेखोरांशी तो जपून लढला, अस्वलाला वळसा घातला, तरी किल्ल्यापर्यंत पोचताना त्याची नजर झिजून तीनवर आली. पण पुठ्ठे छातीशी धरून खेळायचा आमचा रिवाज, एकाचे आकडे दुसऱ्याला दिसत नाहीत. पुढे डोंगराची वाट. मास्तरांनी विचारलं, "रांगेत पुढं कोण चालते?" उकंडराव छातीवर हात मारून म्हणाला, "मुठ्या चालते! दुसरं कोन चालन?" वामनरावांचा वैद्य मागे, माझा पहारेकरी त्याच्या मागे, शिवाय मास्तरांनी आमच्यासोबत दिलेले वीस यात्रेकरू, बायामाणसं. मास्तरांनी वाटेचं वर्णन केलं, धुकं, ओला दगड, आणि म्हणाले, नजर पाचाच्या वर असेल तर फेकायची गरज नाही, नाहीतर फेका. उकंडरावानं कवड्या फेकल्या. सहाही पालथ्या. मास्तरांनी चादरीवरून बोट सरकवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "डाव्या हाताले दरी होती. मुठ्याले दिसली नाही. सगळे गेले."

वामनराव उसळले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा एवढा आवाज कोणी ऐकला नसेल. "तीन नजर घेऊन तू पुढं चालून राह्यला व्हता? आम्हाले सांगतलं काऊन नाही बे?" उकंडराव पोट धरधरून हसत होता. "सांगतलं असतं त तुम्ही मले पुढं चालू देलं असतं काय?" मास्तरही हसले. चादरीवरच्या त्या काळ्या दरीत मास्तरांनी एकेक करून वीस चिंचोके टाकले, यात्रेकरूंचे. मी हसायला तोंड उघडलं आणि हसू आलंच नाही. जळगाव जामोदच्या गाडीत सहसा पन्नासच्या वर माणसं असतात. खामगावच्या पुढे तर दारात उभी असतात, डाव्या दारात. सकाळी वांगी होती. वांगी होती म्हणून लोकांनी वेचून दिली. मी पुठ्ठा ओढून घेतला आणि आणखी एक ओळ लिहिली, दाबून, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत: 'नजर पाचाखाली गेली की मुठ्यानं ते मोठ्यानं सांगायचं आणि पुढून मागे व्हायचं.' उकंडराव कुरकुरला, "मग त्याची मर्दानगी काय राह्यली?" मी म्हणालो, "ते तू मले नोको शिकवू. पुठ्ठा माहा हाय." आणि खाली सही केली.

सोमवारी सकाळी डेपोच्या वऱ्हांड्यात आम्ही बारा ड्रायव्हर रांगेत. माझ्या मागचा ओठांतल्या ओठांत पाढा म्हणत होता, मीच शिकवलेला, आणि मधेच चुकला तेव्हा मी सवयीनं त्याला दुरुस्तही केलं. माणूस असा असतो बघा. झोप झाली होती, भाकर खाऊन आलो होतो, हातपाय धड होते. रिंगणात उतरण्याआधी जसा मी असायचो तसाच होतो. डॉक्टर घाईत. उजव्या डोळ्यानं वरून खाली वाचलं, ते तर खरंच वाचलं. मग त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा माझ्या उजव्या डोळ्यावर धरला आणि दुसऱ्या हातानं कागदावर लिहायलाही लागले. "डावा. खालून."

पाढा जिभेवर आला होता. सांगतो, अगदी दातांपर्यंत आला होता. पहिलं अक्षर 'ठ' होतं.

"नाही दिसत, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी ऐकलंच नाही. "हं, पुढं." कागदावर 'ठीक' लिहून झालेलं होतं. मी त्यांच्या कागदावर हात ठेवला. "साहेब, ते खोडा. मले डाव्या डोळ्यानं तक्ता दिसत नाही. भिंतसुद्धा नाही दिसत." माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. वऱ्हांड्यातला पाढा एकदम बंद झाला. डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "कधीपासून?" "दोन वर्षं. खरं म्हटलं त जास्त." "आणि गाडी चालवत होतास?" मी म्हणालो, "हाव." त्यांनी 'ठीक' खोडलं. नऊची जळगाव जामोदची गाडी दुसऱ्यानं काढली. मॅनेजरसाहेबांनी खाकी सदऱ्यावरचा बिल्ला काढून घेतला आणि म्हणाले, बघू, वर्कशॉपात काही असलं तर, पण भरवसा देत नाही. मी भरवसा मागितला नव्हता. फाटकाच्या बाहेर पडलो, तर रस्ता ओळखीचा आणि मी मात्र पायी. आठ वर्षांत त्या वेळेला मी मेहकरच्या बाजारातून पायी गेलेलो नव्हतो. भाजीवाल्या बायकांनी मान वर करून बघितलं. सगळ्यांना माहीत झालं असावं असं वाटलं, आणि मी मान ताठ ठेवली. मी हरलेलो नव्हतो. हरणं मला ओळखता येतं.

घरी माझी बायको सत्यभामा चुलीपाशी होती. एवढ्या सकाळी मला दारात पाहून तिनं हातातली पिठाची काटवट खाली ठेवली. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, डोळा, तक्ता, बिल्ला. सांगताना मला एक वाटत होतं, ही आता रडेल आणि मग मी तिला धीर देईन. धीर द्यायला मला येतं. ती रडली नाही. पिठाचे हात पदराला पुसत म्हणाली, "मले ठाव व्हतं."

"काय ठाव व्हतं?"

"डोळ्याचं. मागल्या दिवाळीपासून ठाव व्हतं. तुम्ही डाव्या हाताले ठेवलेला पान्याचा तांब्या तीनदा लवंडला. तवापासून मी तांब्या उजवीकडं ठेवते. बाजारात चालते त तुमच्या उजव्या अंगानं चालते. पाहुन्यायले तुमच्या डावीकडं बसूच नाही देत. सहा वाजता गाडी आली का फाटकाजवळ जाऊन मोजते, दारातले लोक धड उतरले का नाही. मंग घरी येते."

माझं डोकं फिरलं. मला वाटायचं मी जगाला तोंड देऊन उभा आहे, आणि ही बाई वर्षभर माझ्या एका बाजूला उभी राहून ठोसे घेत होती. "मग बोलली काऊन नाही?" मी ओरडलो. "पन्नास माणसं असतात गाडीत! पन्नास! तुले समजत नाही?"

"समजत व्हतं," ती म्हणाली. आता मात्र तिचा आवाज फाटला. "दररोज समजत व्हतं. रातचं नीज नाही लागत. पन तुम्ही स्टिअरिंगवर बसून असे हसता ना, मले ते हसू तोडवलं नाही. पाप माह्यंबी हाय. अर्धं माह्यं."

आमच्या घरात मी मोठ्यानं बोलल्यावर शेवटचा शब्द माझा असतो. त्या दिवशी तो तिचाच राहिला. ती चुलीपुढं उभी, मी उंबऱ्यात उभा, मधे पीठ सांडलेलं. मी भिंतीला टेकून खाली बसलो. ती तांब्या घेऊन आली, आणि सवयीनं उजवीकडं वळली.

"नोको," मी म्हणालो. "इकडं बस. डावीकडं."

ती बसली. तिचा खांदा लागला तेवढाच कळला, बाकी त्या बाजूला काळोख. मग मी सावकाश, लोकांसमोर कधी वळवली नाही तशी, मान पूर्ण वळवली आणि तिच्याकडे पाहिलं.